मधुमेहींच्या कमी कर्बोदकांच्या आहारात कॉटेज चीज : निवड, प्रमाण आणि पडताळणी

कमी कर्बोदकांचा आहार सुरू करणाऱ्या मधुमेही व्यक्तीला काय टाळायचे हे लवकर कळते. टाळलेल्या पदार्थांच्या जागी काय खायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक जेवणाला नव्याने उभा राहतो. ब्रेड, सीरियल, भात किंवा बटाटा ताटातून कमी केला की पोट भरण्याचे काम प्रथिनांवर आणि भाज्यांवर येते. ज्याला शिजवण्याची गरज नाही, जे खायला मऊ आहे आणि ज्यात कर्बोदके थोडी आहेत असे प्रथिन शोधताना कॉटेज चीजचे नाव हमखास पुढे येते. त्याचा उपयोग खरा आहे, परंतु तो एका अटीवर अवलंबून आहे. कॉटेज चीज ताटातल्या कशाच्या तरी जागी यायला हवे. रोजचा आहार आहे तसाच ठेवून त्यात वाटीभर कॉटेज चीजची भर घातली, तर उष्मांक आणि मीठ तेवढे वाढेल. रक्तशर्करा कमी होण्याचे काही कारणच उरणार नाही.

येथे कॉटेज चीज म्हणजे मऊ दाण्यांचे, किंचित आंबट, साय किंवा दूध घालून ओलसर ठेवलेले ताजे चीज अभिप्रेत आहे. पनीर दाबून त्यातले पाणी काढलेले असल्यामुळे त्यात स्निग्धांश आणि उष्मांक बरेच जास्त असतात, त्यामुळे पुढचे आकडे त्याला लावू नयेत.

पायरी पहिली : औषधांची यादी समोर ठेवावी

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि खरा धोका याच पायरीवर आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने एकाएकी नाश्त्यातली ४० ग्रॅम कर्बोदके काढून तेथे कॉटेज चीज ठेवले, तर औषधाचा डोस तोच राहतो आणि ज्या साखरेसाठी तो ठरवला होता ती साखर येतच नाही. अशा वेळी रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. म्हणून डोस कमी करण्याविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे आणि आहार त्यानंतर बदलावा. हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) औषधे घेणाऱ्यांसाठी प्रश्न वेगळा आहे. या औषधांबरोबर कर्बोदके फारच कमी केली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढून कीटोअॅसिडोसिस म्हणजे रक्त धोकादायक इतके आम्लयुक्त होण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो. त्यामुळे मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागणे याकडे केवळ आकडा चांगला आहे म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नाही. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना साखर फार खाली जाण्याची भीती सहसा नसते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात, कारण कर्बोदके कमी केल्यावर शरीरातून पाणी आणि मीठ अधिक बाहेर पडते आणि रक्तदाब उतरू शकतो.

साखर एकदम खाली गेलीच, तर त्या क्षणी कॉटेज चीज उपयोगाचे नाही. त्यात साखर थोडी आणि प्रथिने जास्त असल्यामुळे रक्तशर्करा वेळेत वर येत नाही. तेव्हा ग्लुकोज किंवा साखरेच्या रूपात १५ ग्रॅम कर्बोदके घ्यावीत आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे.

पायरी दुसरी : डब्यात नेमके काय असते ते समजून घ्यावे

साध्या, सुमारे ४ टक्के स्निग्धांशाच्या १०० ग्रॅम कॉटेज चीजमध्ये साधारण ११ ग्रॅम प्रथिने, ४ ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ, ३ ते ४ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे १०० उष्मांक असतात. तंतू मात्र शून्य असतात. ही कर्बोदके म्हणजे दुधातली साखर, अर्थात लॅक्टोज. दूध फाडले की लॅक्टोजचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो, उरलेल्यातला काही दाणे धुताना जातो. मग दाण्यांवर जे दूध किंवा साय घालतात तिच्याबरोबर थोडे लॅक्टोज परत येते. दोन कंपन्यांच्या डब्यांवर कर्बोदकांचा आकडा वेगळा दिसतो त्याचे एक कारण हे आहे.

निवळीबरोबर आणखीही काही जाते. आम्लाने दूध फाटताना त्यातले बरेच कॅल्शियम विरघळून निवळीत उतरते, म्हणून १०० ग्रॅम कॉटेज चीजमध्ये कॅल्शियम ८० ते ९० मिलिग्रॅमच असते, जे तेवढ्याच दुधापेक्षा कमी आहे. दूध बंद करून कॉटेज चीज सुरू केले म्हणजे हाडांची काळजी मिटली, असा समज करून घेऊ नये. उलट बाजूने एक छोटा लाभ आहे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि कॉटेज चीजमध्ये ते थोड्या प्रमाणात असते. मात्र कमतरता आधीच झालेली असेल तर ती या मार्गाने भरून निघणार नाही. त्यासाठी तपासणी आणि गोळ्या किंवा इंजेक्शनच लागतात.

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि दाणे मुख्यतः त्याचेच बनतात. केसीन पोटात गेल्यावर गोठते आणि सावकाश पचते, त्यामुळे पोट बराच वेळ भरलेले वाटते. कमी कर्बोदकांच्या आहारात टिकून राहण्याच्या दृष्टीने मला हा गुण कर्बोदकांच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण हा आहार मोडतो तो बहुधा दुपारी अकाली लागलेल्या भुकेने.

काही तक्त्यांत कॉटेज चीजचा ग्लायसेमिक निर्देशांक (पदार्थ रक्तशर्करा किती झपाट्याने वाढवतो याचा आकडा) छापलेला आढळतो. त्यावर फार विसंबू नये. हा निर्देशांक काढण्यासाठी चाचणीत सामान्यतः ५० ग्रॅम कर्बोदके असतील एवढा पदार्थ खायला देतात, आणि तेवढी कर्बोदके मिळवायची तर जवळजवळ दीड किलो कॉटेज चीज खावे लागेल. प्रत्यक्षात कोणी इतके खात नाही, म्हणून आपल्या वाटीत किती ग्रॅम आहे आणि सोबत काय आहे हे पाहणेच शहाणपणाचे.

पायरी तिसरी : लेबल वाचून डबा निवडावा

डब्याच्या पुढच्या बाजूवरील मोठी अक्षरे सोडून मागचा तक्ता वाचावा, आणि तोही दर १०० ग्रॅमचा. कारण एका वाढपाचे वजन प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. साध्या प्रकारात १०० ग्रॅममागे कर्बोदके ५ ग्रॅमच्या आत आणि प्रथिने १० ग्रॅम किंवा अधिक असावीत. घटकांच्या यादीत दूध, साय, मीठ, विरजण किंवा एन्झाइम एवढेच असेल तर उत्तम. दाटपणासाठी घातलेला ग्वार गम किंवा लोकस्ट बीन गम रक्तशर्करेच्या दृष्टीने फारसा चिंतेचा नाही. मात्र मॉडिफाइड स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन (दोन्ही पिष्टापासून केलेली कर्बोदके), साखर किंवा फळांचा पाक दिसला तर तो डबा ठेवून द्यावा. फळे मिसळलेल्या छोट्या डब्यांत साध्या कॉटेज चीजच्या कितीतरी पट साखर असू शकते आणि तरीही वर प्रथिनांची जाहिरात असते.

स्निग्धांशाचा प्रश्न वारंवार विचारला जातो. फॅट-फ्री प्रकारात साय काढून घेतल्यावर चव आणि दाटपणा राखण्यासाठी काही वेळा इतर घटक घालतात, त्यामुळे त्यात कर्बोदके किंचित जास्त आढळतात. ४ टक्क्यांच्या प्रकारातही १०० ग्रॅममागे संपृक्त स्निग्धांश २ ग्रॅमच्या आत असतो. डॉक्टरांनी स्निग्ध पदार्थांवर काटेकोर बंधन घातलेले नसेल तर २ किंवा ४ टक्क्यांचा साधा प्रकार घ्यावा, असे माझे मत आहे. तो अधिक तृप्ती देतो आणि त्यावर साखर शिंपडण्याचा मोह कमी होतो.

लॅक्टोज-फ्री असे लिहिलेल्या डब्याविषयी एक गैरसमज आहे. त्यातली दुधातली साखर काढून टाकलेली नसते. लॅक्टेज एन्झाइम घालून तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे केलेले असतात. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी तो प्रकार सोयीचा आहे, परंतु कर्बोदकांचा हिशेब तसाच धरावा लागतो.

पायरी चौथी : प्रमाण आणि जागा ठरवावी

सुरुवातीला एका वेळी १०० ते १५० ग्रॅम एवढे प्रमाण पुरेसे आहे. पहिल्या आठवड्यात ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून आपल्या नेहमीच्या वाटीत घालून पाहावे, म्हणजे डोळ्यांना अंदाज येतो आणि नंतर रोज मोजावे लागत नाही. थेट डब्यातून चमच्याने खाणे टाळावे. मोठा डबा कधी संपतो ते कळत नाही आणि कमी कर्बोदकांचा पदार्थही तिप्पट खाल्ला की कमी कर्बोदकांचा राहत नाही.

आता अदलाबदलीचा हिशेब पाहू. नाश्त्याला ४० ग्रॅम सीरियल आणि पेलाभर दूध घेतले तर साधारण ४० ग्रॅम कर्बोदके होतात. त्याऐवजी १५० ग्रॅम कॉटेज चीज, काकडी, थोडी पालेभाजी आणि मूठभरापेक्षा कमी अक्रोड घेतले तर ती १० ग्रॅमच्या आसपास राहतात आणि प्रथिने २० ग्रॅमच्या जवळ जातात. कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदके, अशी व्याख्या अनेकदा वापरली जाते. त्या चौकटीत एका नाश्त्यातून ३० ग्रॅम वाचणे ही मोठी गोष्ट आहे, कारण तीच मुभा दुपारच्या जेवणात डाळी, फळ किंवा भाज्या यांसाठी वापरता येते.

हीच वाटी एका पिकलेल्या केळ्याबरोबर खाल्ली तर मध्यम आकाराच्या केळ्यातून आणखी सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके येतात आणि बदलाचा बहुतेक लाभ निघून जातो. फळ हवेच असेल तर स्ट्रॉबेरीसारखी बेरी निवडावी. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे ८ ग्रॅम कर्बोदके असतात. मध, जॅम आणि फळांचा रस यांना या वाटीत जागा नाही.

तंतू नसणे ही कॉटेज चीजची सगळ्यात ठळक उणीव आहे, आणि ती सोबत्यांनी भरून काढावी लागते. टोमॅटो, काकडी, सिमला मिरची, कोबी, पालेभाज्या, भिजवलेले चिया बी, जवसाची पूड यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी सोबत असावे. नाहीतर कमी कर्बोदकांचा आहार सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात बद्धकोष्ठाची जी तक्रार येते ती टळणार नाही.

जेवणात कर्बोदकांचा पदार्थ असेल, तर कॉटेज चीज आणि भाज्या आधी खाऊन तो पदार्थ शेवटी खावा. प्रथिने आणि भाज्या आधी गेल्याने जेवणानंतरची साखरेची उसळी कमी राहते. हे साधे आहे, फुकट आहे आणि पाळायला त्रास नाही. झोपण्यापूर्वी कॉटेज चीज खाल्ल्याने सकाळची साखर उतरते, असे सांगणारे बरेच भेटतात. भूक नसताना केवळ या आशेने चौथे खाणे सुरू करू नये. रात्री काहीतरी खाण्याची सवयच असेल, तर बिस्किटांच्या जागी ही छोटी वाटी निश्चित बरी.

पायरी पाचवी : मिठाचा हिशेब धरावा

कर्बोदकांवर लक्ष ठेवणाऱ्यांचे मिठाकडे दुर्लक्ष होते, आणि कॉटेज चीजच्या बाबतीत हे महागात पडू शकते. चवीला ते फार खारट लागत नाही, तरी १०० ग्रॅममध्ये ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम असणे नेहमीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमची, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. १५० ग्रॅमच्या दोन वाट्यांनीच त्यातला सुमारे अर्धा किंवा त्याहून अधिक वाटा भरून जातो. मधुमेहाबरोबर उच्च रक्तदाब अनेकांना असतो, म्हणून हा मुद्दा तळटिपेत टाकण्यासारखा नाही.

उपाय तीन आहेत. कमी सोडियमचा किंवा बिनमिठाचा डबा मिळत असेल तर तो घ्यावा. न मिळाल्यास कॉटेज चीज बारीक चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली काही मिनिटे धुवावे आणि निथळू द्यावे. सोडियम बरेच कमी होते, पण कॅल्शियमही काही प्रमाणात वाहून जाते आणि वरची सायही जाते, त्यामुळे नंतर चमचाभर घट्ट दही मिसळावे. तिसरा उपाय म्हणजे घरी करणे. साय काढलेले १ लिटर पाश्चराइज्ड दूध सुमारे ५० अंश सेल्सिअसपर्यंत गरम करून आचेवरून उतरवावे, त्यात ३ मोठे चमचे व्हिनेगर घालून मिनिटभर हलके ढवळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. मग फडक्यातून गाळून दाणे गार पाण्याखाली धुवावेत, पिळून मोकळे करावेत आणि खाण्याच्या वेळी थोडी साय व अगदी चिमूटभर मीठ मिसळावे. मिठाऐवजी मिरपूड, लिंबाची किसलेली साल, लसूण किंवा ताजी चिरलेली कोथिंबीर वापरली तर मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

पायरी सहावी : ग्लुकोमीटरवर पडताळून पाहावे

एकच पदार्थ दोन व्यक्तींच्या रक्तशर्करेवर वेगळा परिणाम करतो, म्हणून शेवटचा निर्णय स्वतःच्या आकड्यांवर घ्यावा. एका सकाळी नेहमीचा नाश्ता करावा आणि खाण्यापूर्वी, पहिला घास घेतल्यापासून एक तासाने आणि दोन तासांनी मोजावे. दुसऱ्या सकाळी कॉटेज चीजचा नाश्ता करून त्याच वेळी पुन्हा मोजावे. झोप, चालणे आणि औषधाची वेळ दोन्ही दिवशी शक्य तितकी सारखी असावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, असे उद्दिष्ट अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सुचवते. डॉक्टरांनी आपल्यासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा. उद्दिष्टाइतकेच महत्त्व दोन दिवसांतील वाढीच्या फरकाला द्यावे. नाश्त्याआधी १५० असलेली साखर १७० झाली, तर दोष कॉटेज चीजचा नसून सकाळच्या मूळ पातळीचा आहे.

टाइप १ मधुमेह (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्यांनी आणखी एक नोंद करावी. प्रथिनांचा काही भाग शरीरात ग्लुकोजमध्ये बदलतो आणि कर्बोदके फार कमी असलेल्या, प्रथिनांनी भरलेल्या जेवणानंतर साखर तीन ते पाच तासांनी हळूहळू चढू शकते. केवळ कर्बोदके मोजून इन्सुलिन घेणाऱ्याला ही चढण अनपेक्षित वाटते. चौथ्या तासाचे वाचन लिहून ठेवून ते डॉक्टरांना दाखवावे. डोस स्वतःच्या अंदाजाने वाढवू नये.

पायरी सातवी : तोच तोपणा टाळण्यासाठी रूप बदलावे

दाण्यांचा पोत काहींना अजिबात आवडत नाही. अशांनी कॉटेज चीज मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवावे. ते सायीसारखे गुळगुळीत होते आणि मग मेयोनीज, गोड सॉस किंवा क्रीम यांच्या जागी वापरता येते. लसूण आणि मिरपूड घातली की भाज्यांच्या कापांबरोबर डिप तयार होते, पाणी घालून सैल केले की सॅलडवर ओतता येते. गरम भाजीत किंवा सूपमध्ये ते आच बंद केल्यावरच मिसळावे, कारण मोठ्या आचेवर दाणे पाणी सोडतात आणि रबरासारखे होतात.

ब्रेडची आठवण येणाऱ्यांसाठी सुमारे २२५ ग्रॅम कॉटेज चीज आणि दोन अंडी एकत्र फिरवून बेकिंग पेपरवर पातळ पसरावे आणि १८० अंश सेल्सिअसवर ३० ते ४० मिनिटे, वरचा भाग सोनेरी आणि कोरडा होईपर्यंत भाजावे. निवल्यावर ते न तुटता गुंडाळता येते. पूर्ण पोळ्यात मिळून कर्बोदके १० ग्रॅमच्या आत राहतात आणि प्रथिने ३५ ग्रॅमच्या पुढे जातात. सोडियम मात्र डब्यातले सगळे त्यात उतरते, म्हणून वरून मीठ घालू नये आणि अर्धा पोळा हे एका वेळचे प्रमाण मानावे.

कोणी थांबून विचारावे

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आहार आपल्या मनाने सुरू करू नये. डायलिसिसवर नसलेल्या अशा रुग्णांना प्रथिने दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि कॉटेज चीजमधले फॉस्फरस आणि सोडियम हेही त्यांच्यासाठी मोजण्याच्या गोष्टी आहेत. लघवीतून प्रथिने जात असल्याचे तपासणीत आढळले असेल तर आहारतज्ज्ञाकडून प्रमाण लिहून घ्यावे. दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असेल तर लॅक्टोज-फ्री डबाही चालणार नाही. गरोदरपणात कर्बोदके फार कमी करणे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय योग्य नाही, आणि त्या काळात लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गाचा धोका लक्षात घेता पाश्चराइज्ड दुधाचेच चीज खावे.

साठवणीबाबत थोडक्यात सांगायचे तर डबा फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा, दर वेळी कोरडा स्वच्छ चमचा वापरावा आणि उघडल्यावर तो आठवड्याच्या आत संपवावा. वर थोडे पाणी सुटणे नेहमीचे आहे आणि ते ढवळून घ्यावे. कुबट वास, रंगातला बदल किंवा बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेले खाण्याचा विचार न करता सगळे टाकून द्यावे. फ्रीझरमध्ये ठेवल्यास पोत बिघडतो, त्यामुळे मोठा डबा घेण्यापेक्षा आठवड्याला पुरेल एवढाच आणणे सोयीचे. तीन महिन्यांनी एचबीए१सीची (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी) तपासणी होईल तेव्हा त्या अहवालाबरोबर नाश्त्याच्या आकड्यांची वही, रक्तदाबाच्या नोंदी आणि सध्या वापरत असलेल्या डब्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरांकडे न्यावा, म्हणजे औषधाच्या डोसाचा फेरविचार त्याच भेटीत करता येतो.